केसभर

आधी वाटी होते.
पत्र्याचं वेटोळं उलगडत येतं,
प्रेस एका दणक्यात चौदा चकत्या तोडते
आणि हात न काढता त्यांच्या वाट्या करते,
उथळ, रुंद,
काळा घेवडा वाढून घ्यावा अशा.

मग माझं यंत्र.
ठोसा वाटीला घेऊन शिरतो तीन कड्यांतून,
एकीहून दुसरी अरुंद,
आणि वाटीला उंच व्हावंच लागतं.
धातू काही वाढत नाही. भिंत पातळ होते, एवढंच.
मिनिटाला तीनशे वेळा.
टोकाला घुमट टपलेला असतो, बूड आत ढकलायला,
कारण सपाट बुडाला बियरचा रेटा सोसत नाही,
ते फुगतं
आणि कॅन टेबलावर दारुड्यासारखा डुगडुगतो.

मी कड्या घासते, हिऱ्याच्या भुकटीनं.
झीज नखाला लागत नाही. कानाला लागते:
भिंत फाटायच्या आधी यंत्र
घसा खाकरतं.
नव्या पोरांना हे शिकवता येत नाही.
मी त्यांना फक्त पुढे नेते, मान काढतात तिथे.
एकदम आवळली तर सुरकुती पडते,
म्हणून चौदा साचे, प्रत्येकानं थोडीशीच वळवायची.
शेवटी दिव्याची खोली: प्रत्येक कॅनचं तोंड अंधाराला दाबून धरतात,
बाहेरून उजेड ओततात.
आत एक ठिपका चमकला
की वाऱ्याचा फुत्कार, आणि तो कॅन रांगेत नसतो.

ऑगस्टमध्ये आम्ही भिंत आणखी उतरवली.
कॅनमागे अर्धा ग्रॅमसुद्धा नाही,
पण वर्षाच्या टनांत मांडलं की साहेबांना घाम फुटतो, आनंदाचा.
एवाल्दूनं केक मागवला.
पितळी पाटीवर माझं नाव, ज़ुसारा, एक अक्षर चुकलेलं.
टाळ्या. मान मिळाला.
मी पाटी पिशवीत घालून बसनं ओलिंदाला गेले,
बाबाला दाखवायला.

बाबा कार्निव्हलभर उंच बाहुल्यांच्या मागून चढ चढतो,
खांद्यावर गोणी.
लोक नाचतात, पितात, टाकतात.
तो वाकतो. उचलतो, झटकून उरलेला घोट सांडतो,
उजव्या पायानं चेपतो (डावा अधू आहे),
पुन्हा वाकतो.
बुधवारी दोना क्रेउज़ाच्या काट्यावर सगळं.

तो पाटीकडे बघत नव्हता.
"क्रेउज़ा काटा मारते," म्हणाला.
"तू पाळण्यात होतीस तेव्हा चौसष्टांत किलो भरायचा.
परवापरवापर्यंत पंचाहत्तर.
आता सत्त्याहत्तर टाकतो, तरी काटा डुलत राहतो.
म्हातारी झाली, पण हात अजून चलाख."

काटा खरा आहे, बाबा.
हे मी म्हणाले नाही, कारण चूल पेटवत होते,
मग कॉफी गाळत होते,
मग कप विसळत होते, स्वच्छ असलेले.
किलोमागे दोन वाकणी जास्त.
वीस किलोंच्या गोणीला चाळीस.
मी हिशेबात पक्की आहे, म्हणून तर मला घेतलं.
केसानं गळा कापतात म्हणतात,
आमची भिंत बरोबर केसाएवढीच आहे.

शेवटी सांगितलं.
तो बराच वेळ गप्प.
मग माझ्या पिशवीतून त्यानं नमुन्याचा कॅन काढला,
रंग नाही, झाकण नाही, आरशासारखा.
अंगठ्यानं भिंत दाबली. टक्. सोडली. टक्.
आत डोकावला, जसा लहानपणी माझ्या कानात डोकावायचा.
"हे तू करतेस?"
मी मान हलवली.
"क्रेउज़ाची माफी मागायला हवी," तो म्हणाला,
"उगाच शिव्या घातल्या तिला."

मग कॅन जमिनीवर उभा केला,
सवयीनं उजवा पाय उचलला,
आणि तसाच धरून राहिला, भिंतीला हात टेकून.
"खरं सांगू? चेपायला बरा पडतो आता.
गुडघ्याला कळतसुद्धा नाही."

पाय त्यानं बाजूला ठेवला.
तो कॅन आता खिडकीत आहे, त्यात त्याचा दाढीचा ब्रश.
पाटी कुठे आहे
मला आठवत नाही.